व्ही-८ ला हेडर निवडायचाय? आधी आरपीएमचा काटा बघा

फोर्डने २०१६ मध्ये मस्टँग जीटी भारतात विकायला आणली. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, ४०० च्या आसपास हॉर्सपॉवर, ५१५ न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गियरचा ऑटोमॅटिक आणि उजव्या हाताचं स्टिअरिंग. पुढे २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, पण विकलेल्या गाड्या आहेतच. एमएच-०४ (ठाणे) आणि एमएच-४३ (नवी मुंबई) च्या पाट्या लावलेल्या मस्टँग रविवारी सकाळी नवी मुंबईच्या पाम बीच रोडला आजही दिसतात. वॉरंटी केव्हाच संपलेली असते. एअर फिल्टर बदलून होतो, मागचा सायलेन्सर बदलून होतो आणि मग मालकांच्या डोक्यात हेडर, म्हणजे इंजिनातून जळका वायू बाहेर नेणारा पाइपांचा संच, शिरतो.

त्यापाठोपाठ नेहमीचा प्रश्न येतो: कुठल्या हेडरने सगळ्यात जास्त पॉवर वाढते? मला हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून सुरू झालेला वाटतो. प्रत्येक हेडर इंजिनाला आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) एका ठरावीक पट्ट्यात मदत करतो. त्या पट्ट्याबाहेर तो फारसं काही करत नाही, उलट कधीकधी थोडं काढूनच घेतो. म्हणून आधी स्वतःला विचारायचं, की माझं इंजिन बहुतेक वेळ किती आरपीएमवर फिरतं?

सकाळी नऊला घोडबंदर रोडवरून माजिवड्याकडे निघा. काटा दोन हजारांच्या वर क्वचितच जाईल. अटल सेतू मोकळा मिळाला तरी तिथली मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, आणि सहाव्या गियरला या वेगात मस्टँगचं इंजिन दोन हजारांच्या आतच असतं. या इंजिनाचा कमाल टॉर्क येतो ४,२५० आरपीएमला आणि कमाल पॉवर ६,५०० ला. म्हणजे जाहिरातीतला हेडरचा आकडा ज्या टोकाला मोजलेला असतो, तिथे आपल्याकडची गाडी आठवड्यातून काही सेकंद पोचते. हेडर घेऊच नका असं मी म्हणत नाही. नीट निवडलेला हेडर लावलेली व्ही-८ गाडी चालवताना खरोखर मोकळी वाटते. पण ‘नीट’ म्हणजे काय, ते कळायला पाइपात काय घडतं ते समजून घ्यावं लागेल.

पाइपाच्या आत

पेट्रोल जळल्यावर पिस्टन खाली ढकलला जातो. तो तळाला पोचायच्या थोडं आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. त्या क्षणी आतला दाब बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे बराच वायू स्वतःच्याच जोरावर बाहेर उसळतो. उरलेला वायू पिस्टनला वर येताना ढकलून काढावा लागतो, आणि त्यासाठी इंजिनाची थोडी ताकद खर्च होते. पुढची वाट कोंदलेली असेल तर ही ताकद जास्त जाते. शिवाय थोडा जळका वायू सिलिंडरमध्येच राहतो. ठाणे स्टेशनला उतरणारे पुरते उतरले नाहीत की चढणाऱ्यांना जागा मिळत नाही, तसंच इथेही होतं: जळका वायू आत जेवढा उरेल, तेवढी ताजी हवा कमी.

व्ही-८ मध्ये सिलिंडर दोन बाजूंना चार-चार असतात. साधा ओतीव मॅनिफोल्ड, म्हणजे हेडरच्या जागी कारखान्यातून येणारा भाग, एका बाजूच्या चारही सिलिंडरांचा वायू एका आखूड खोक्यासारख्या नळीत सोडतो. एकाचा धक्का दुसऱ्याच्या दारावर आदळतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पाइप असतो, त्याला प्रायमरी म्हणतात. चार प्रायमरी पुढे जिथे एकत्र येतात तो कलेक्टर.

हेडरचं खरं काम मात्र वाट मोकळी करण्यापुरतं नसतं. व्हॉल्व्ह उघडताच वायूबरोबर दाबाची एक लाट पाइपातून धावत सुटते. पाइप जिथे एकदम रुंद होतो, म्हणजे कलेक्टरपाशी, तिथून ती उलटून कमी दाबाची लाट होऊन परत येते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असतो आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडत असतो, असा एक छोटासा काळ असतो ज्यात दोन्ही थोडे थोडे उघडे असतात. याला ओव्हरलॅप म्हणतात. परतीची लाट नेमकी त्या वेळी पोचली, तर ती उरलासुरला जळका वायू ओढून काढते आणि ताजी हवाही आत खेचते. पिस्टनने काहीही न करता सिलिंडर धुऊन निघतो. याचंच नाव स्कॅव्हेंजिंग.

आता वेळेचं गणित बघा. गरम वायूत ही लाट सेकंदाला साधारण ५५० ते ६०० मीटर वेगाने धावते. पाइप ८० सेंटिमीटरचा असेल तर जाऊन परत यायला तिला सेकंदाचे तीन हजारांश भाग लागतात. ६,००० आरपीएमला क्रँकशाफ्टचा एक फेरा दहा हजारांश सेकंदात होतो, २,००० ला तीस हजारांशात. लाटेला इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नसतं, ती आपल्याच वेळेने परत येते. म्हणून एका लांबीचा पाइप एका पट्ट्यातच चांगला जुळतो. पाइप लांब केला की हा पट्टा खाली सरकतो, आखूड केला की वर.

मस्टँगच्या या इंजिनात एक सोय आहे. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या इनटेक आणि एक्झॉस्ट अशा दोन्ही कॅमशाफ्टचं टायमिंग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, चालता चालता बदलू शकतो, म्हणजे ओव्हरलॅप कमी-जास्त होऊ शकतो. त्यामुळे जुन्या व्ही-८ इंजिनांपेक्षा ही गाडी हेडरशी जास्त जुळवून घेते. पण हे आपोआप होत नाही, त्यासाठी ट्यून लागतो, म्हणजे ईसीयूतली आकडेवारी नव्या पाइपांनुसार बदलून घ्यावी लागते. त्याकडे पुढे येऊ.

जाडी: इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते

‘जाड पाइप म्हणजे जास्त पॉवर’ हे वाक्य गॅरेजमध्ये इतक्या वेळा ऐकायला मिळतं, की ते खोडून काढायला थोडी आकडेमोड करावीशी वाटते. हेडरच्या प्रायमरीचा बाहेरचा व्यास आपल्याकडचे फिटर सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सांगतात: एक इंच पाच सूत, पावणेदोन इंच, एक इंच सात सूत, दोन इंच. भिंतीची जाडी १.६ मिलिमीटर धरली, तर पावणेदोन इंची पाइपाची आतली जागा सुमारे १,३३५ चौरस मिलिमीटर भरते, एक इंच सात सुताची सुमारे १,५५० आणि दोन इंचीची सुमारे १,७८०. म्हणजे दोन सुतांच्या फरकाने जागा तब्बल एकतृतीयांशाने वाढते. वायू तेवढाच असेल तर त्याचा वेग त्याच प्रमाणात पडतो.

वेग पडला की काय जातं? वायूला वजन असतं. वेगाने निघालेला गोळा पुढे जाताना मागे ओढ निर्माण करतो. सावकाश निघालेल्या गोळ्यात ती ओढ नसते, आणि कमी आरपीएमला जळका वायू उलट सिलिंडरमध्ये शिरायला बघतो. सिग्नल सुटल्यावर पाय दाबला आणि गाडी क्षणभर विचार करत बसली, असं दोन इंची हेडरवाल्या गाडीत वाटतं ते यामुळे. वर सहा हजारांना तीच गाडी जोरात ओढते, पण तिथे जायला तीन हात नाक्यावर जागा कुठे आहे?

माझं मत स्पष्ट आहे. सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारं यंत्र) नसलेल्या पाच लिटरच्या मस्टँगला, रोजच्या रस्त्यासाठी, पावणेदोन इंच पुरे. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत; तशा ठिकाणी उतरायचं असेल आणि इंजिनात कॅमशाफ्टपासून काम केलं असेल, तर एक इंच सात सूत. सुपरचार्जर लावला की वायूच खूप वाढतो, तेव्हा एक इंच सात सूत किंवा दोन इंच यांचा विचार करायचा. नुसता हेडर लावून दोन इंच घेणाऱ्याचा ‘पिकअप’ खालून कमीच होतो.

शॉर्टी की लाँग ट्यूब

शॉर्टी, म्हणजे आखूड पाइपांचा हेडर मूळ मॅनिफोल्डच्याच जागी बसतो आणि मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याला) जोडला जातो. ज्या व्ही-८ ला कारखान्यातून ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड येतो, तिथे शॉर्टीने फरक जाणवतो. मस्टँग जीटीला मात्र कंपनीनेच पाइपांपासून बनवलेला, शॉर्टीच्या जवळ जाणारा मॅनिफोल्ड दिला आहे. तो काढून बाजारातला शॉर्टी लावणं म्हणजे बरेच पैसे आणि एक दिवसाचं काम खर्चून जवळजवळ तीच वस्तू परत बसवणं. हा सल्ला दुकानदार सहसा देत नाही, म्हणून मी देतो.

लाँग ट्यूबच्या प्रायमरी साधारण ७५ ते ९० सेंटिमीटर असतात. मघाचं लाटेचं गणित इथे खऱ्या अर्थाने जमतं. चांगला ट्यून केला तर या इंजिनाला चाकांवर मोजलेले १५ ते २५ हॉर्सपॉवर मिळाल्याचं साधारणपणे दिसतं, तेही मुख्यतः साडेचार हजारांच्या वर. किंमत मात्र कन्व्हर्टर, सेन्सर आणि जमिनीपासूनची उंची या तिन्ही गोष्टींत मोजावी लागते.

चार पाइप एकदम एका कलेक्टरमध्ये आले तर त्याला ४-१ म्हणतात, आधी दोन-दोन आणि मग एक झाले तर ४-२-१. व्ही-८ ला याचं एक खास कारण आहे. मस्टँगचा फायरिंग क्रम १-५-४-८-६-३-७-२ असा आहे. उजव्या बाजूला १ ते ४ सिलिंडर आहेत. या क्रमात त्या बाजूचे धक्के सारख्या अंतराने येत नाहीत: १ नंतर ४ यायला १८० अंश, मग ३ यायला २७०, मग २ यायला १८०, आणि २ नंतर पुन्हा १ अवघ्या ९० अंशांत. व्ही-८ चा तो खोल, अडखळत गुरगुरणारा आवाज याच असमान अंतरातून येतो. पण २ चा वायू पाइपात असतानाच १ चा धक्का त्याच्या अंगावर येतो. ४-२-१ मध्ये १ ला ३ शी आणि २ ला ४ शी जोडतात, त्यामुळे जवळचे दोन धक्के पहिल्या जोडावर भेटतच नाहीत. मधल्या आरपीएमला याचा फायदा होतो. वरच्या टोकाला ४-१ सरस ठरतो. ४-२-१ बनवायला किचकट आणि बाजारात कमी मिळतो, पण आपल्या रस्त्यांच्या दृष्टीने तो मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

उजव्या हाताचं स्टिअरिंग

अमेरिकेत बनलेले बहुतेक लाँग ट्यूब हेडर डाव्या हाताच्या स्टिअरिंगसाठी आखलेले असतात. आपल्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा इंजिनाच्या उजव्या बाजूने खाली जातो, नेमका जिथून त्या हेडरचे पाइप वळतात. हेडर घरी येतो, कस्टम ड्यूटी भरलेली असते आणि बसवताना कळतं, की एक पाइप दांड्याला घासतोय. मग कोणीतरी हातोडीने पाइप चेपून जागा करतो. ज्या आतल्या जागेसाठी एवढे पैसे मोजले, तीच चेपली जाते. म्हणून मागवण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या, की हा हेडर उजव्या हाताच्या स्टिअरिंगला, तुमच्या वर्षाच्या मॉडेलला, ऑटोमॅटिक गियरबॉक्ससह बसतो. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्येही मस्टँग उजव्या हाताचीच विकली जाते. तिथल्या बाजाराकडे आधी बघणं जास्त फायद्याचं.

उंचीचंही तसंच. लाँग ट्यूबचा कलेक्टर गाडीच्या पोटाखाली थोडा उतरतो. ठाण्यातल्या नव्या टॉवरांत पार्किंग पोडियमवर असतं आणि रॅम्पच्या माथ्यावर गाडीचं पोट आधीच जमिनीला जवळ जातं. मोजमाप रिकाम्या गाडीत घेऊ नका. चार माणसं बसवा आणि मग मोजा.

कन्व्हर्टर, सेन्सर, ट्यून

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. मूळ गाडीत तो इंजिनाला चिकटून असतो तो त्यासाठीच. लाँग ट्यूबमुळे तो दूर ढकलला जातो आणि थंड इंजिन सुरू केल्यावर धूर जास्त वेळ न धुतलेला बाहेर पडतो. काही जण कन्व्हर्टर काढूनच टाकतात. याला माझा विरोध आहे, आणि तो फक्त कायद्याच्या भीतीने नाही. कोपरी किंवा तुर्भ्याच्या हवेत श्वास घेणाऱ्यांना आपल्या छंदाचा खर्च भरायला लावायचा नसतो. दोनशे सेलचा, म्हणजे चौरस इंचाला दोनशे छिद्रांचा, चांगला हाय-फ्लो कन्व्हर्टर लावला तर पॉवर फार थोडी जाते.

ऑक्सिजन सेन्सर दोन ठिकाणी असतात. कन्व्हर्टरच्या आधीचा ईसीयूला पेट्रोल किती द्यायचं ते सांगतो, नंतरचा कन्व्हर्टर नीट चाललाय का ते बघतो. दुसऱ्याचं वाचन बिघडलं की पी-०४२० किंवा पी-०४३० हा कोड येतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. पहिला सेन्सर दूर गेला की वायर लांबवावी लागते. तापलेल्या पाइपाला लागून लोंबणारी वायर वितळते, ती बांधून घ्या. हेडरच्या जोडातून गळती असेल तर धक्क्यांच्या मधल्या ओढीने बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, तो पेट्रोल वाढवायला लावतो आणि ॲव्हरेज घसरतं. मालक ट्यूनरला दोष देत राहतो आणि दोष असतो गॅस्केटचा. थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक ऐकू येते आणि तापल्यावर ती थांबते, ही या गळतीची खूण आहे.

ट्यून मागवताना पेट्रोलचा आकडा नीट समजून घ्या. अमेरिकेतल्या पंपावर लिहिलेला ऑक्टेन हा दोन पद्धतींची सरासरी असतो. आपल्याकडे लिहिलेला असतो तो आरओएन, म्हणजे त्या दोनपैकी जास्त आकडा देणाऱ्या एकाच पद्धतीचा. त्यांचं ९३ म्हणजे आपलं साधारण ९७-९८. ‘९३ ऑक्टेनचा ट्यून’ घेऊन गाडीत ९५ भरलंत तर इंजिन ठोकू लागेल. त्यात आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. इथेनॉल मिसळलेलं असलं की तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. ट्यूनरला इथलं इंधन स्पष्ट सांगा आणि शेवटचं जुळवणं इथल्या टाकीतल्या पेट्रोलवर, डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) करून घ्या.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम तसंच वाचलं जाईल असं सांगितलं. कलम १९०(२) नुसार आवाज किंवा धुराची मर्यादा मोडली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि तीन महिने लायसन्सही जातं. २०१६ ची मस्टँग बीएस-४ आहे. पीयूसीच्या तपासणीत वाढवलेल्या आरपीएमला कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्बडा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. कन्व्हर्टर नसलेली गाडी इथे प्रामाणिकपणे पास होणं अवघड. मागचा मूळ सायलेन्सर ठेवून, कन्व्हर्टरसह हेडर लावलेली गाडी आवाज फारसा वाढवत नाही, पण कागदोपत्री बदल तो बदलच. विम्याचा दावा करताना कंपनी यावर बोट ठेवू शकते. हे सगळं माहीत असूनच निर्णय घ्या. ट्रॅकसाठी हेडर आणि रस्त्यासाठी मूळ मॅनिफोल्ड असं दोन संचांवर गाडी ठेवणं कष्टाचं आहे, पण सगळ्यात सरळ तेच.

पोलाद आणि खाडीची हवा

ऐरोली, वाशी, नेरुळ ही गावं खाडीला लागून आहेत, आणि वर चार महिने पाऊस. साध्या पोलादाचा हेडर कोटिंगशिवाय इथे टिकत नाही. ४०९ स्टेनलेसमध्ये क्रोमियम साधारण ११ टक्के असतं. तो लाल पडतो, पण आरपार गंजायला वेळ लागतो. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. इथे ३०४ च घ्यावा. चुंबक लावून बघा: ४०९ ला तो घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळजवळ नाही. पाइपांवर कापडी पट्टी गुंडाळण्याची फॅशन आहे, पण ती पावसाळ्यात ओल धरून ठेवते आणि आतून धातू खाते. त्यापेक्षा सिरॅमिक कोटिंगवर खर्च करा.

३०४ तापल्यावर साध्या पोलादापेक्षा जास्त फुगतो. ८० सेंटिमीटरचा पाइप ६०० अंशांनी तापला तर आठ मिलिमीटरने लांबतो. सगळं घट्ट वेल्ड केलेलं असेल तर ही लांबी जाणार कुठे? वेल्डच्या कडेला तडा जातो. म्हणून कलेक्टरला सरकता जोड असलेला हेडर चांगला.

वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत आर्गॉन वेल्डिंगवर हेडर बनवून घ्यायचा विचार असेल तर तो वाईट नाही. उजव्या हाताच्या स्टिअरिंगची अडचण तिथेच सुटते, कारण पाइप तुमच्याच गाडीवर टाके मारून जुळवले जातात. कारागिराला तीनच गोष्टी विचारा. बेंड मँड्रेलवर काढलेत का, म्हणजे वळणावर पाइप चपटा होत नाही. वेल्ड करताना पाइपाच्या आतूनही आर्गॉन सोडणार का, नाहीतर आतली बाजू करपून खडबडीत होते. आणि फ्लँज (इंजिनाला बोल्टने बसणारी पाटी) किमान तीन सुताची आहे का, आणि पूर्ण वेल्ड करताना ती जाड पट्टीवर बोल्ट करून ठेवणार का. शेवटी माल ताब्यात घेताना फ्लँजवर सरळ स्टीलची पट्टी उभी धरून बघा. खालून उजेड दिसला तर फ्लँज वाकलेली आहे. गॅस्केट कितीही भारी घेतलं तरी ती गळणार.

बसवल्यावर पहिले काही दिवस गाडी तापून पूर्ण थंड झाली की बोल्ट पुन्हा आवळायचे, कंपनीने दिलेल्या टॉर्कला, टॉर्क रेंच लावूनच. मूळ मॅनिफोल्ड, कन्व्हर्टर, बोल्ट आणि उष्णता अडवणाऱ्या ढाली तेल लावून, कापडात गुंडाळून घरी ठेवा. भंगारात देऊ नका: मस्टँगचे सुटे भाग इथे सहज मिळत नाहीत, आणि गाडी विकताना पुढचा मालक ते मागणारच.